ससा खात नसेल तेव्हा: घरची शुश्रूषा आणि तिची मर्यादा

सशाने सकाळपासून तोंडाला काही लावले नाही, पिंजऱ्यात लेंड्याही दिसत नाहीत, तर त्याला काय पाजावे, असा प्रश्न बिलोली, कुंडलवाडी, नायगाव आणि देगलूर या पट्ट्यातील ससे पाळणाऱ्या वाचकांकडून वारंवार विचारला जातो. आणि त्या प्रश्नामागे बहुधा दोन गैरसमज असतात. एक असा की, माणसाप्रमाणेच सशालाही एखादा दिवस लंघन घडले तर पोटाला विसावाच मिळतो. आणि दुसरा असा की, तक्रार पोटाची आहे त्याअर्थी तिचे औषध घरातल्या कोणत्या तरी बाटलीत किंवा डब्यात असलेच पाहिजे. वस्तुतः सशाच्या बाबतीत लंघन हाच रोगाचा परिपोष होय, आणि घरात सापडणारी बहुतेक औषधे त्याला उपकारक होण्याऐवजी घातकच ठरतात. घरी काय करावे, काय कटाक्षाने टाळावे, आणि कोणत्या क्षणी घरचा इलाज थांबवून दवाखान्याची वाट धरावी, एवढ्याच मुद्द्यांचा विचार येथे केला आहे.

निर्णयापुरते शरीरज्ञान

सशाचे आतडे अहोरात्र चालते राहावे अशीच त्याची घडण आहे. गवतातील लांब, न पचणारा तंतू आतड्याच्या स्नायूंना चालना देतो आणि कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सूक्ष्म, पचण्याजोगा अंश मात्र मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या पिशवीत जाऊन तेथील उपकारक जंतूंकडून आंबविला जातो. त्यातून तयार होणाऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या ससा रात्री किंवा पहाटे थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. हे पाहून पुष्कळांना किळस येते व ते त्याला अडवितात. परंतु हा त्याच्या पोषणाचा आवश्यक भाग असल्यामुळे त्यात हस्तक्षेप करू नये.

याखेरीज तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

- सशाला ओकारी होत नाही. पोटात गेलेले विषारी किंवा चुकीचे अन्न उलटून पडेल अशी आशा करता येत नाही.
- त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चावून ते झिजले नाहीत तर दाढांना टोके येतात, जीभ व गाल सोलवटतात, आणि भूक असूनही ससा खाणे सोडतो.
- तो हिंस्र पशूंचे भक्ष्य असल्यामुळे वेदना लपविणे हा त्याचा स्वभावधर्म आहे. तो कुत्र्यासारखा कण्हत नाही, निमूटपणे कोपऱ्यात बसून राहतो.

तीन निरनिराळ्या अवस्था ओळखा

'पोट बिघडले' या एका शब्दप्रयोगात तीन भिन्न अवस्था येतात आणि तिन्हींची तजवीज वेगवेगळी आहे. म्हणून पाजण्या-भरविण्यापूर्वी पुढील परीक्षा करावी.

१. मंदावलेले पोट. खाणे हळूहळू कमी होत गेलेले असते. लेंड्या लहान, कोरड्या, वेड्यावाकड्या होतात किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसतात. ससा पाठ वर करून, डोळे अर्धवट मिटून बसतो, दात करकर वाजवितो. पोट हाताला मऊ किंवा पिठाच्या गोळ्यासारखे लागते. घरच्या शुश्रूषेला वाव आहे तो मुख्यत्वे याच अवस्थेत.

२. अडलेले किंवा फुगलेले पोट. काही तासांपूर्वी धडधाकट असलेला ससा एकाएकी मलूल होतो, पोट ताणलेले व कठीण लागते, कान थंडगार पडतात, अंग सैल सोडून तो आडवा होतो. येथे आतड्यात केसांचा घट्ट गोळा, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा गालिच्याचा धागा अडकलेला असण्याचा संभव असतो. या अवस्थेत काहीही भरवू नये, पोट चोळू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

३. पातळ होणे. येथे पुन्हा दोन प्रकार आहेत. बुडाला मऊ, चिकट, उग्र वासाची घाण लागलेली आहे, पण सोबत गोल लेंड्याही पडत आहेत, तर ते बहुधा न खाल्लेल्या मऊ लेंड्यांचे लक्षण समजावे. त्याचे कारण अतिपौष्टिक, पिष्टमय आहार किंवा लठ्ठपणा हे असते, आणि आहार सुधारल्याने ते कित्येकदा बरे होते. उलट पाण्यासारखे जुलाब होत असतील आणि गोल लेंडी एकही नसेल, तर ती तातडीची अवस्था होय. दूध सुटू लागलेल्या पिल्लांत तर काही तासांत प्राणावर बेतते.

पावसाळ्यात बूड ओले व घाण राहिल्यास माश्या अंडी घालतात व एका दिवसात अळ्या पडू शकतात. म्हणून बूड रोज दोनदा तपासावे.

घड्याळाचा हिशेब

प्रौढ सशाने बारा तास काही खाल्ले नसेल किंवा बारा तासांत लेंडी टाकली नसेल, तर ते आजारपण गंभीर मानावे. पिल्लू असेल, ससा वृद्ध असेल, किंवा एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस अंशांच्या घरात पोहोचणाऱ्या आपल्याकडील उन्हाचे दिवस असतील, तर ही मुदत सहा तासांची समजावी. 'रात्रभर पाहू, सकाळी ठरवू' हा निर्णय संध्याकाळी खाणे सोडलेल्या सशाच्या बाबतीत घेणे म्हणजे उपचाराचा सर्वांत मोलाचा काळ दवडणे होय. कारण आतडे थांबले की त्यात वायू साठतो, वायूने वेदना होते, वेदनेने भूक आणखी मरते, आणि उपासमारीचा भार अखेर यकृतावर पडतो.

पहिल्या तासात काय करावे

- पोट हलक्या बोटांनी चाचपा. कठीण, ताणलेले लागल्यास पुढील सूचना बाजूला ठेवून लगेच निघा.
- तापमान घ्या. निरोगी सशाचे गुदद्वारात घेतलेले तापमान साधारणतः १०१ ते १०४ अंश फॅरनहाइट असते. १०० च्या खाली जाणे हे अशुभ लक्षण. १०५ च्या वर जाणे म्हणजे बहुधा उष्माघात. थर्मामीटर लावण्याची रीत ससा निरोगी असतानाच पशुवैद्याकडून शिकून घ्यावी. ती येत नसेल तर कानांच्या स्पर्शावरून अंदाज घ्यावा.
- अंग थंड असेल तर ऊब द्या. कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी, आणि नकोसे झाल्यास त्याला दूर सरकता येईल इतकी जागा सोडावी.
- अंग तापलेले असेल तर निववा. पत्र्याच्या खोलीतून त्याला फरशीवर, सावलीत आणावे. कानांवरून ओले फडके फिरवावे. भोवती ओले गोणपाट टांगावे. थंड पाण्यात बुडविणे मात्र सर्वथा वर्ज्य.
- पाणी व गवत समोर ठेवा. नळीच्या बाटलीपेक्षा पसरट, जड भांड्यातून ससा अधिक पाणी पितो. निरोगी स्थितीत दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १०० मिलीलिटर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहून अधिक. ताजी कोथिंबीर किंवा मेथी पाण्यात बुचकळून तशीच ओली दिल्यास खाण्यासोबत पाणीही पोटात जाते.
- दात व तोंड पाहा. हनुवटी लाळेने ओली असेल, घास तोंडात घेऊन तो पुन्हा गळून पडत असेल, तर मूळ दुखणे दाढेत आहे असे समजून तसे पशुवैद्याला सांगावे.
- नोंद लिहा. शेवटचे खाणे केव्हा, शेवटची लेंडी केव्हा, वजन किती, गेल्या दोन दिवसांत कोणता नवा चारा, कोणते औषध, कोणता प्रवास किंवा भीतीचा प्रसंग. स्वयंपाकघरातील वजनकाटा यासाठी पुरेसा आहे.

लेंडी बोटांनी फोडून पाहण्याची सवय ठेवावी. चांगली लेंडी हरभऱ्याच्या दाण्याएवढी, कोरडी व फिकट तपकिरी असते, दाबताच भुगा होते आणि त्या भुग्यात वाळलेल्या गवताच्या काड्यांचे बारीक तुकडे दिसतात. ती काळी, कठीण आणि आतून चिकट निघाली, तर गवत व पाणी कमी पडत आहे हे पोट पूर्ण थांबण्यापूर्वीच आपल्याला कळते.

भरविण्याची रीत

पोट मऊ असेल, ससा शुद्धीवर असून गिळत असेल, आणि शक्य असल्यास पशुवैद्याचा फोनवरून होकार मिळाला असेल, तरच सिरिंजने भरवावे. सशाचे गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमध्ये वाटून सैल लापशी करावी; ते नसल्यास वाळलेल्या गवताची बारीक पूड व कोथिंबीर यांची पाणी घालून लापशी करावी. तांदूळ, रवा, साखर किंवा दूध यांचा तिच्यात अंशही नसावा.

१. सशाला टॉवेलमध्ये गुंडाळून, चारही पाय टेकलेले राहतील असा मांडीवर किंवा जमिनीवर बसवा. पाठीवर कधीही उताणा करू नका.
२. सुई काढलेली सिरिंज समोरून न घालता ओठाच्या बाजूने, पुढचे दात आणि दाढा यांमधील मोकळ्या जागेत सरकवा.
३. एका वेळी एक मिलीलिटर सोडा, जबडा हलून घोट गिळल्याची खात्री करा, आणि मगच पुढचा घोट द्या. मान वर उचलून धरू नका. अन्न श्वासनलिकेत जाते.
४. पहिल्या खेपेस दर किलो वजनामागे पाच मिलीलिटरच द्या. ते मानवले तर तीन-चार तासांनी दहापर्यंत वाढवा. दिवसभराचे एकूण मान पशुवैद्याकडून ठरवून घ्या. ते सामान्यतः दर किलोमागे ५० मिलीलिटरच्या आसपास असते.
५. ससा धडपडू लागला, खोकला किंवा नाकातून लापशी आली, तर तत्क्षणी थांबा.

दोन-तीन खेपा भरवूनही लेंडी पडत नसेल, तर भरविणे थांबवून दवाखाना गाठावा.

काय देऊ नये

आपल्याकडे गुराढोरांचे इलाज घरोघरी ठाऊक असल्यामुळे तेच सशावर करण्याचा मोह होतो. म्हणून ही यादी काळजीपूर्वक वाचावी.

- बैलाचे पोट फुगल्यावर पाजतात तसे गोडे तेल किंवा एरंडेल. ते सशाच्या फुफ्फुसात उतरण्याचा धोका मोठा असतो.
- खाण्याचा सोडा, इनो, हिंगाचे पाणी आणि माणसांची जुलाब थांबविणारी औषधे.
- घरात उरलेली प्रतिजैविके. ॲमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन व एरिथ्रोमायसिन यांपैकी काहीही तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपकारक जंतू मरून घातक जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो.
- कुत्र्यांच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे फिप्रोनिलयुक्त औषध. ते सशाच्या अंगावर लावणेही विषारी आहे.
- भाकरी, पोळी, बिस्किट, पोहे, हुरडा, शेंगदाणे, गूळ आणि केळी. पिष्ट व साखर आतड्यात वायू धरते. गाजराचा कंदसुद्धा एखाद्या चकतीपुरताच. त्याचा पाला मात्र चांगला.
- सरकी पेंड आणि दुभत्या जनावरांचे खुराक. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य सशाला अपायकारक आहे.
- पोटऱ्यात न आलेली कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी. जिच्यामुळे गुरांना किराळ लागते, तीच ज्वारी सशालाही घातक आहे.
- गाजरगवत, घाणेरी, कण्हेर, रुई, धोतरा, एरंड. तसेच कांदा व लसूण. नावात गाजर आणि गवत दोन्ही असल्यामुळे मुले गाजरगवत हौसेने उपटून आणतात. त्यांना ते आधीच दाखवून ठेवावे.

दवाखाना: कोठे, केव्हा, काय विचारावे

तालुक्याच्या ठिकाणचा शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना हा आपला पहिला आधार होय. तेथील कामाचा रोख गाई-म्हशी व शेळ्यांकडे असणे स्वाभाविक असले, तरी सशाला आणू नये असे नव्हे. शासनाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे. आपल्या गावी ते पथक केव्हा येऊ शकेल याची चौकशी निकडीपूर्वीच करून ठेवावी. क्ष-किरण तपासणी, दातांचे काम किंवा शस्त्रक्रिया लागेल असे दिसल्यास नांदेड येथील जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, किंवा देगलूरमार्गे उदगीरचे पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय हे पर्याय आहेत. परभणीलाही असेच महाविद्यालय आहे. सीमेलगतच्या गावांना मांजरा ओलांडून बोधनमार्गे निजामाबाद सोयीचे पडू शकते. निघण्यापूर्वी फोन करून सशांवर उपचार करणारे वैद्य त्या वेळी हजर आहेत काय, हे विचारून घ्यावे.

प्रवास शक्यतो पहाटे किंवा उन्हे कलल्यावर करावा. हवेशीर खोक्यात गवत अंथरावे, आणि दोन ससे एकत्र राहत असतील तर जोडीदारालाही सोबत न्यावे. एकटेपणाच्या धास्तीनेही आजारी ससा खाणे सोडतो.

पशुवैद्याला पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत:

- पोट मंदावले आहे की अडले आहे? क्ष-किरण चित्र काढणे आवश्यक आहे काय?
- वेदनाशामक दिले आहे काय? वेदना शमल्याखेरीज ससा बहुधा खात नाही.
- आतड्याला चालना देणारे औषध देत असाल, तर अडथळा नाही याची खात्री झाली आहे काय?
- कातडीखाली सलाइन देण्याची गरज आहे काय, आणि ते घरी देण्यास शिकविता येईल काय?
- दाढा तपासल्या काय?

शस्त्रक्रियेपूर्वी रात्रभर उपाशी ठेवा, असे कोणी कुत्र्या-मांजराच्या सवयीने सांगितल्यास त्याचा पुन्हा खुलासा मागावा. ससा ओकत नाही, म्हणून त्याला दीर्घकाळ उपाशी ठेवण्याचे प्रयोजन नसते.

आपले हक्क आणि आपली जबाबदारी

- भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये रोगनिदान व औषधयोजना करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पशुधन पर्यवेक्षक किरकोळ सेवा देऊ शकतात, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. निदान आणि प्रतिजैविकाचा निर्णय नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच घ्यावा.
- केसपेपर, औषधाचे नाव, मात्रा व दिवस लिहून मागा. पुढच्या दवाखान्यात हाच कागद सर्वाधिक उपयोगी पडतो.
- खाजगी उपचारांचे पैसे दिले असतील तर पावती घ्या. मोबदला देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. निःशुल्क सेवेला तो कायदा लागू नाही.
- प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० प्रमाणे पाळीव प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे किंवा त्याला वाऱ्यावर सोडून देणे हा अपराध आहे. आजारी ससा 'निसर्गात सोडला' म्हणजे आपण जबाबदारीतून मोकळे झालो, असे कोणी समजू नये.
- सुगीच्या दिवसांत शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू घरी आणून पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चा भंग होय. ते पिल्लू जखमी नसेल तर होते तेथेच राहू द्यावे, कारण आई त्याला दिवसातून फार थोडा वेळच पाजण्यास येते. जखमी असल्यास वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पुन्हा होऊ नये म्हणून

सशाच्या दैनंदिन आहारात सुमारे चार-पंचमांश भाग वाळलेल्या गवताचा असावा. आपल्याकडे हराळी, मारवेल, पवना ही गवते उत्तम. पावसाळ्याच्या अखेरीस कापून, सावलीत वाळवून, कोरड्या जागी रचून ठेवल्यास उन्हाळा निभावतो. कडबा देणारांनी त्याची पाने निवडून द्यावीत. नुसत्या धाटांवर भिस्त ठेवू नये. सोयाबीनच्या भुसकटात धूळ व बुरशी असण्याचा संभव मोठा, म्हणून ते मुख्य चारा करू नये. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो; प्रौढांना अधूनमधून मूठभर. पालेभाज्या मोजक्या, आणि गोळीखाद्य दर किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमहून अधिक नसावे. कोणताही नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडाथोडा वाढवीत रुळवावा. कापूस-सोयाबीनवर फवारणी झालेल्या किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचे गवत आणू नये. केस गळण्याच्या दिवसांत रोज ब्रश फिरवावा, आणि दाढांची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी.

हे सर्व आजारपणाच्या रात्री सुचत नाही. म्हणून आजच एक वजनकाटा, एक थर्मामीटर, सुई काढलेल्या दोन सिरिंज, एक पेंढी वाळलेले गवत आणि भिंतीवर लिहिलेले दवाखान्याचे क्रमांक एवढी तरतूद करून ठेवावी. आणि बारा तास उलटूनही ससा खात नसेल, तर शेजारी कोणते औषध सुचवितात याची वाट न पाहता त्याला घेऊन निघावे, एवढीच वाचकांना आग्रहाची विनंती आहे.